स्फटिकांची साक्ष आणि तिच्या मर्यादा : स्केअरगार्ड अभ्यासपरंपरेची चिकित्सा

प्रस्तावना :
भूकवचात शिरून तेथेच थिजलेल्या शिलारसाचा इतिहास जाणून घेण्यासाठी संशोधकाजवळ एक प्रमुख साधन असते, ते म्हणजे त्यातून वाढलेले खनिजांचे स्फटिक. परंतु स्फटिक स्वतः काही सांगत नाही. आपण त्याचा अर्थ लावत असतो. हा अर्थ लावताना निरीक्षण कोठे संपते आणि गृहीतक कोठे सुरू होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी लॉरेन्स वेजर व विल्यम डीअर यांचा १९३९ मधील स्केअरगार्डविषयक प्रबंध आणि त्यातून निर्माण झालेली अभ्यासपरंपरा विचारात घेतली आहे.

प्रबंधाचे मोल :
पूर्व ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरील स्केअरगार्ड ही सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वीची गॅब्रोची अंतर्वेशी राशी होय. वेजर यांना ती १९३० मध्ये आढळली आणि १९३५-३६ मध्ये तेथे हिवाळा काढून त्यांनी व डीअर यांनी तिचे तपशीलवार सर्वेक्षण केले. तळाकडून वर जाताना प्लॅजिओक्लेज फेल्स्पारमधील कॅल्शियमयुक्त घटक सुमारे ६६ टक्क्यांवरून सुमारे ३० टक्क्यांपर्यंत घटतो. ऑलिविनमधील मॅग्नेशियम कमी होत जाते आणि अखेरीस ते जवळजवळ शुद्ध लोहयुक्त बनते. एकाच शिलारसाचे टप्प्याटप्प्याने झालेले स्फटिकीभवन इतक्या सुसंगतपणे क्वचितच दाखविले गेले होते. या नोंदींचे मूल्य आजही कमी झालेले नाही.

मात्र याच प्रबंधात दुसऱ्या प्रकारची विधानेही आहेत. प्रत्येक टप्प्यावर उरलेल्या शिलारसाचे रासायनिक संघटन लेखकांनी वजाबाकीने काढले : मूळ शिलारसातून तोवर घनरूप झालेल्या थरांचा वाटा उणे करावयाचा. यासाठी न दिसणाऱ्या तळाचे आकारमान गृहीत धरणे आवश्यक होते, आणि या परंपरेत ते फार मोठे धरले गेले. पुढील भूभौतिकीय अभ्यासांनी ते बरेच लहान असल्याचे सुचविले. शिलारसात शेवटपर्यंत लोह वाढत गेले की उत्तरार्धात सिलिका वाढू लागली, हा वाद १९८७ मध्ये हंटर व स्पार्क्स यांनी पुन्हा उपस्थित केला. त्या वादाचे एक मूळ या वजाबाकीत आहे.

संज्ञेत दडलेला सिद्धान्त :
वेजर, ब्राउन व वॅड्सवर्थ यांनी १९६० मध्ये अशा खडकांसाठी 'क्युम्युलेट' ही संज्ञा मांडली. तिच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ढीग असा आहे. नदीतील गाळाप्रमाणे जड स्फटिक शिलारसात बुडून तळाशी साचले, हा सिद्धान्त अशा रीतीने खडकाच्या नावातच आला. पुढे खडकाला हे नाव दिले, की तो साचून बनला हे जणू सिद्धच झाले, असा प्रकार घडू लागला.

१९७९ मध्ये मॅकबर्नी व नॉइज यांनी याला आव्हान दिले. लोहसंपन्न शिलारस इतका घन असतो, की त्यात प्लॅजिओक्लेज बुडण्याऐवजी तरंगेल. तरीही तळच्या थरांत तो विपुल आहे. यावरून बरेच स्फटिक राशीच्या कडेला व तळालाच, जागच्या जागी वाढले असावेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. १९८२ मध्ये अर्विन यांनी संज्ञेची व्याख्या उत्पत्तीच्या गृहीतकापासून अलग करण्याचा प्रयत्न केला. आपण मराठीत या संज्ञेला 'संचित खडक' असा प्रतिशब्द योजतो तेव्हा शब्दाबरोबर जुना सिद्धान्तही भाषांतरित करतो, याचे भान ठेवले पाहिजे.

असमान स्मृती :
सर्व स्फटिकांची स्मृती सारखी नसते. प्लॅजिओक्लेजमध्ये कॅल्शियम बदलावयाचे तर त्याच्या जोडीने ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांचीही अदलाबदल व्हावी लागते. ही क्रिया अत्यंत मंद असल्याने त्याच्या गाभ्यापासून कडेपर्यंतचे पट्टे टिकून राहतात. ऑलिविनमध्ये लोह व मॅग्नेशियम तुलनेने सहज स्थान बदलतात. त्यामुळे स्फटिकांच्या फटींत अडकलेला शिलारस त्याचे मूळ संघटन पुसून टाकू शकतो. म्हणजेच एकाच तनुच्छेदात शेजारी दिसणारे दोन स्फटिक वेगवेगळ्या क्षणांची साक्ष देत असतात. सरासरी विश्लेषणावर आधारलेल्या जुन्या निष्कर्षांची ही मोठी उणीव होय. हम्फ्रीज यांनी २००९ मध्ये प्लॅजिओक्लेजच्या कडांचा स्वतंत्र अभ्यास करून फटींतील द्रवाचा इतिहास मांडला. ती दिशा अधिक आश्वासक वाटते.

कालमापनाचा प्रश्न :
हाच प्रश्न दख्खनच्या बेसाल्टसंदर्भातही उद्भवतो. थळ घाट व मंचर येथील काही लाव्हाथरांत कित्येक सेंटिमीटर लांबीचे प्लॅजिओक्लेज आढळतात. ते उद्रेकापूर्वी भूपृष्ठाखालील शिलारसकोठीत वाढले होते. हिगिन्स व चंद्रशेखरम् यांनी २००७ मध्ये त्यांच्या आकारमानांच्या वितरणावरून या कोठ्यांच्या स्वरूपाचा शोध घेतला. अशा पद्धतीत आकारमानाचे मोजमाप हे निरीक्षण असते. वाढीचा काळ मात्र वाढीच्या गृहीत वेगावर अवलंबून असतो. वेग दहापट धरला तर काळ दशांश होतो. त्यामुळे वर्षांचा आकडा उद्धृत करताना वेगाचे गृहीतकही उद्धृत करणे हे संशोधकीय कर्तव्य ठरते.

निष्कर्ष :
स्केअरगार्डच्या परंपरेतील दोष निरीक्षणाचा नाही, तर निरीक्षण व अनुमान यांतील सीमारेषा पुसट होण्याचा आहे. १९३९ च्या प्रबंधातील नोंदी इतक्या प्रामाणिक होत्या, की त्यांच्याच आधारे पुढील पिढ्यांना त्यातील सिद्धान्ताचे खंडन करता आले, ही त्या ग्रंथाची खरी थोरवी होय. आपल्या प्रयोगशाळांत विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली खडकाचे वर्णन करताना पहिल्याच ओळीत त्याचे उत्पत्तिदर्शक नाव लिहितो. त्याऐवजी त्याने आधी आकार, मांडणी, पट्टे व परस्परसंबंध नोंदवावेत आणि नाव शेवटी द्यावे. अध्यापनातील हा बदल लहान असला, तरी नावालाच पुरावा मानण्याची सवय त्यामुळे आरंभीच मोडेल.