'आसारुस्सनादीद' : दोन आवृत्त्या आणि एक वगळलेले प्रकरण

दिल्लीच्या प्राचीन वास्तूंविषयी उर्दूत जे लेखन झाले, त्यात सय्यद अहमद खान यांच्या 'आसारुस्सनादीद' या ग्रंथाचा मान पहिला आहे. दिल्ली येथे मुन्सफ असताना त्यांनी तो सिद्ध केला व १८४७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे सातच वर्षांनी, १८५४ मध्ये, त्याची दुसरी आवृत्ती निघाली. ही दुसरी आवृत्ती म्हणजे पहिलीचे पुनर्मुद्रण नव्हे. भाषा, मांडणी आणि प्रमाणांचा विनियोग या तिन्ही दृष्टींनी तो जवळजवळ नवा ग्रंथ होय. गार्सां द तासी यांनी फ्रेंच अनुवादासाठी दुसरीच आवृत्ती घेतली आणि युरोपीय पंडितांत ग्रंथाचा जो लौकिक झाला तोही मुख्यतः तिच्यामुळे. पहिली आवृत्ती अलंकारप्रचुर आणि दुसरी शास्त्रशुद्ध, असा अभिप्राय तेव्हापासून रूढ झाला आहे. तो खोटा नाही. परंतु शास्त्रशुद्धतेसाठी ग्रंथकाराने काय गमावले, याचा हिशेब त्यात धरलेला नाही.

पहिल्या आवृत्तीत चार प्रकरणे आहेत. पहिल्यात शहराबाहेरील वास्तू, दुसऱ्यात लाल किल्ला, तिसऱ्यात शाहजहानाबाद नगरातील इमारती आणि चौथ्यात दिल्लीचे लोक. या शेवटच्या प्रकरणात सूफी, आलिम, हकीम, कवी, सुलेखनकार, चित्रकार, गवई अशा शंभरावर व्यक्तींचा परिचय दिलेला आहे. गालिब त्यात आहेत, मोमिन आहेत, मुफ्ती सदरुद्दीन आझुर्दा, फझले हक खैराबादी आणि इमामबक्ष सहबाई आहेत. ग्रंथाच्या नावाकडे पाहिले तर हे प्रकरण शेवटी चिकटविलेले परिशिष्ट वाटत नाही. 'आसार' म्हणजे खुणा, मागे राहिलेले अवशेष. 'सनादीद' म्हणजे थोर पुरुष. थोरांच्या खुणा केवळ दगडातच असतात असे हे नाव सुचवीत नाही. पहिल्या आवृत्तीत ते नाव दोन्हीकडे लागू पडते : गेलेल्यांच्या इमारतींना आणि हयात असलेल्यांच्या विद्येला व कलेलाही. दुसऱ्या आवृत्तीत चौथे प्रकरण गळले आणि 'सनादीद' म्हणजे केवळ इमारती बांधणारे, एवढाच अर्थ उरला.

दुसऱ्या आवृत्तीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पहिल्या आवृत्तीच्या गद्यात सहबाईंचे साहाय्य होते आणि फार्सी वळणाच्या यमकबद्ध शैलीचा डौल तीत इतका आहे की घुमटाची उंची शोधू जाणाऱ्याच्या हाती उपमाच येतात. १८५४ मध्ये ही भाषा साधी झाली. पांडवांच्या इंद्रप्रस्थापासून राज्यकर्त्यांची क्रमवार यादी आली, वास्तू कालानुक्रमे लागल्या आणि शिलालेखांचे पाठ काळजीपूर्वक उतरले. दिल्लीचे अधिकारी रॉबर्ट्स आणि नाणकशास्त्रज्ञ एडवर्ड टॉमस यांचे प्रोत्साहन यामागे होते. ग्रंथकाराचे स्वतःचे परिश्रम तर विलक्षणच. कुतुबमिनाराच्या वरच्या मजल्यांवरील अक्षरे खालून वाचता येत नसत, म्हणून ते दोरांनी बांधलेल्या शिंक्यात बसून वर लोंबकळत लेख उतरवून घेत आणि सहबाई खाली भीतीने पांढरे पडत, अशी हकीकत हाली यांनी 'हयाते जावेद' या १९०१ च्या चरित्रात दिली आहे. (मूळ उर्दू शब्द 'छींका' आहे, मराठी वाचकास तो परका वाटू नये.) पुरातत्त्व खाते अद्याप स्थापन व्हावयाचे होते, कनिंगहॅम यांची दिल्लीची पाहणी १८६२-६३ मधली. एका देशी न्यायाधिकाऱ्याने त्यापूर्वीच पुराव्याचा हा दंडक स्वतःला घालून घेतला, ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र याच दंडकाने चौथे प्रकरण बाहेर काढले. शिलालेखाची नक्कल करता येते, भिंतीचे माप घेता येते. पण अमुक वैद्याचा हातगुण किंवा अमुक गवयाचे ध्रुपद यांना नव्या ग्रंथाच्या चौकटीत जागा नव्हती. बांधणारा कोण, वर्ष कोणते, लेख काय म्हणतो, या तीन प्रश्नांभोवती प्रत्येक नोंद फिरू लागली. आज दिल्लीच्या कोणत्याही जुन्या वास्तूपुढील पाटी वाचावी, हेच तीन प्रश्न आणि हीच त्यांची उत्तरे. इमारत पुरी झाली की या पद्धतीच्या लेखी तिचे आयुष्यही जणू संपते. लाल किल्ला १६३९ ते १६४८ या काळात बांधला गेला हे प्रवाशास लगेच कळते. परंतु दिवाणे खासच्या छताचे रुपे १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी काढून घेतले व फौजेच्या खर्चासाठी वितळविले, ही हकीकत 'कोणी बांधले' या प्रश्नाच्या कक्षेत येत नाही. मराठी अभ्यासकाला ती पानिपताच्या प्रकरणात भेटते, वास्तूच्या प्रकरणात नव्हे. वस्तुतः ती दोहोंची आहे.

स्थलदर्शनातील हा निर्जीवपणा १८५७ च्या संहाराचा परिणाम होय असे पुष्कळदा म्हटले जाते. त्या वर्षी सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली परत घेतली, रहिवाशांना शहराबाहेर घालविले आणि पुढील काळात किल्ल्यातील बहुतेक महाल व किल्ल्याभोवतालची दाट वस्ती पाडून टाकली. सहबाई मारले गेले. पंजाकश या नावाने प्रसिद्ध असलेले सुलेखनकार मारले गेले. फझले हक यांना काळ्या पाण्याची शिक्षा होऊन १८६१ मध्ये अंदमानात मृत्यू आला. चौथ्या प्रकरणातील नामावळी त्यामुळे आज शोकसूचीसारखी वाचली जाते. तथापि तारखांचा क्रम लक्षात घेतला पाहिजे. माणसे नगरातून १८५७ मध्ये गेली. ग्रंथातून ती १८५४ मध्येच गेली होती, आणि तीही परक्या अधिकाऱ्याने नव्हे तर याच नगरात जन्मलेल्या, त्यांच्याच सहवासात वाढलेल्या लेखकाने वगळली होती. विद्वत्तेच्या चांगल्या हेतूनेही नगर ओस पडू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

याचा अर्थ चौथे प्रकरण निर्दोष होते असा नाही. त्यात स्तुतीचा भडिमार आहे. एका सूफीचे वर्णन दुसऱ्यास लावले तरी फारसा फरक पडू नये, इतकी विशेषणे सामान्य आहेत. शिवाय तेथील दिल्ली ही अश्रफांची, म्हणजे कुलीनांची दिल्ली आहे. गवंडी, भिस्ती, बाजारातील कारागीर तिच्यात नाहीत. दख्खनेतून निजामुल्मुल्काबरोबर आलेल्या दर्गाह कुली खानाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी 'मुरक्कए देहली' या फार्सी टिपणात दर्ग्यांतील गर्दी, चौकांतील बाजार, कलावंतिणी यांचे जे चित्र काढले, ते याहून पुष्कळच मोकळे आहे. मराठीत गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये आले. त्यात देवळे व इमारती आहेत, तशाच जाती, धंदे, चालीरीती आणि भावही आहेत. माडगावकरांना एक सोय होती : मुंबईला दिल्लीसारखा भूतकाळाचा भार नव्हता, त्यामुळे समोरच्या गजबजाटाकडे पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. सय्यद अहमद खान यांच्यापुढे कुतुबमिनार होता.

गालिबांची भूमिका या संदर्भात मोठी चमत्कारिक आहे. 'आसार'साठी त्यांनी फार्सीत प्रशस्ती लिहिली आणि चौथ्या प्रकरणात त्यांना स्थानही मिळाले. पुढे १८५५ च्या सुमारास सय्यद अहमद खान यांनी 'आईने अकबरी' संपादित केली, तेव्हा मागितलेल्या प्रशस्तीत गालिबांनी जुन्याच्या पूजेस दोष देऊन इंग्रजांच्या नव्या यंत्रविद्येकडे पाहण्याचा उपदेश केला. संपादकाने ती प्रशस्ती ग्रंथात छापली नाही. ग्रंथातून गळालेल्या माणसाने ग्रंथकारास जिवंत जगाकडे पाहावयास सांगावे, हे योग्यच. परंतु ते जिवंत जग म्हणून त्यांनी बोट दाखविले ते वाफेच्या यंत्राकडे. दिल्लीच्या गल्ल्या त्यांनाही, निदान त्या घटकेला, दिसल्या नाहीत.

राणा सफवी यांनी २०१८ मध्ये दोन्ही आवृत्त्या एकत्र करून इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्यामुळे उर्दू न वाचणाऱ्या विद्यार्थ्यासही आता ही तुलना करता येते. तिचा आरंभ अकबराबादी मशिदीपासून करावा. शाहजहानच्या बेगमेने, अकबराबादी महल यांनी, १६५० मध्ये बांधविलेली ही मशीद १८५७ नंतर पाडली गेली. २०१२ मध्ये मेट्रोच्या खोदकामात सुभाष पार्क येथे जुने बांधकाम उघडे पडले, तेव्हा ते याच मशिदीचे असल्याचा दावा पुढे आला व त्यावरून वादही झाला. मशीद कोठे होती, हा त्या वादातील प्रश्न. ती कोणी व कधी बांधली याचे उत्तर ग्रंथातील वास्तूंच्या नोंदीत मिळते. पण कुराणाचा उर्दू अनुवाद करणारे शाह अब्दुल कादिर याच मशिदीच्या एका खोलीत राहत व शिकवीत असत. त्यांचा परिचय तिसऱ्या प्रकरणात नाही, चौथ्यात आहे.