स्मरण आणि रस

पुण्याचे प्रा. के. ना. वाटवे यांनी ‘रसविमर्श’ (१९४२) या ग्रंथात रसचर्चेला मानसशास्त्राची जोड दिली. त्याच वाटेने आणखी एक पाऊल टाकावयास हवे. ‘मरण’, ‘माय’ असे भावगर्भ शब्द ‘खुर्ची’सारख्या उदासीन शब्दांहून अधिक स्मरतात, मेंदूतील ‘अमिग्डाला’ हा बदामाच्या आकाराचा भाग ते स्मरण दृढ करण्यास साह्य करतो. शिवाय चिंताशील मनुष्याच्या मनात दुःखसूचक शब्द अधिक रेंगाळण्याचा संभव असतो. प्राचीन साहित्यशास्त्रकारांनी रसिकाच्या वासनेस दिलेले महत्त्व म्हणूनच सार्थ वाटते. परंतु एखादी ओळ विसरत नाही, एवढ्यावरून ती श्रेष्ठ, हा निकष मात्र लंगडा ठरतो. त्या स्मरणात शब्दाचे बळ असते, वाचकाचा स्वभावही असतो; कवीचे कर्तृत्व त्यातून निवडून दाखविणे, हेच टीकाकाराचे खरे काम होय.