बासरी कुणासाठी वाजते?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री माझी ऑन-कॉल ड्युटी होती. पहाटे चारला सर्व्हर पडला, पाचला उभा राहिला. मग झोप येईना म्हणून व्हॉट्सॲपवर लोकांचे स्टेटस बघत बसलो. जिच्याशी बोलणं थांबून वर्ष झालं होतं, तिनं एक गाणं लावलं होतं. आमचं दोघांचं म्हणता येईल असं. तिच्या यादीत दोन-तीनशे लोक तरी असतील. पण त्या वेळी ते सगळे झोपलेले होते आणि जागा होतो मी. म्हणजे ते माझ्यासाठीच होतं.

त्यानंतर काही दिवसांनी इंदिरा संतांची 'कुब्जा' पुन्हा वाचली. आधी वाचली होती तेव्हा ती भक्तीची गोड कविता वाटली होती. या वेळी तशी वाटली नाही.

कविता जेमतेम बारा ओळींची, तीन कडव्यांची. पहाट व्हायची आहे, राधा झोपलेली, गोकुळही झोपलेलं, आणि नदीपलीकडून बासरी ऐकू येते. एक बाई पाण्यात निम्म्यावर थबकून ती ऐकते आहे. ही बाई कोण, ते कवयित्री दोन कडवी सांगतच नाही. तिसऱ्या कडव्यात नाव येतं आणि मागचं सगळं चित्र बदलतं. राधेची मैत्रीण असेल, एखादी गवळण असेल, असं आपण धरून चाललेलो असतो. निघते कुब्जा.

कुब्जा गोकुळातली नाहीच. भागवतात ती मथुरेत भेटते, कंसाची दासी म्हणून. कंसासाठी नेत असलेली उटी ती कृष्णाला लावते आणि तो तिचं वाकलेलं अंग सरळ करतो. ही भेट कृष्णानं गोकुळ सोडल्यानंतरची. मग गोकुळ झोपलेलं असताना कुब्जा बासरी ऐकते कशी? मथुरा यमुनेच्या एका काठाला, गोकुळ दुसऱ्या काठाला. मला वाटतं, कवितेतलं ते अर्धं पाणी म्हणजे हेच अंतर आहे. कुब्जा अजून त्या गोष्टीत आलेलीच नाही. जिथे आपल्याला जागा नाही, तिथला सूर ती अलीकडून ऐकते आहे. तिच्या कुबडाबद्दल कवितेत एक शब्द नाही. तो भार एकटं नावच उचलतं.

इंदिराबाईंच्या कवितेतला विरह आपण त्यांच्या आयुष्याशी लगेच जोडतो. नवऱ्याबरोबर 'सहवास' हा एकत्र संग्रह, मग 1946 साली ना. मा. संतांचं जाणं. त्या दुःखाला समाजात नाव होतं. कुब्जेच्या दुःखाला तेही नाही. तिचं काही हरवलं असं म्हणायचं, तर आधी ते तिचं असायला हवं. जे आपलं कधी नव्हतंच त्याची ओढ, हा या कवितेचा विषय आहे. म्हणून ती ब्रेकअपपेक्षाही, ज्याला धड ब्रेकअप म्हणता येत नाही, त्याबद्दल जास्त बोलते.

आता कळीचा मुद्दा. पहिल्या कडव्यात एक प्रश्न आहे: आज, इतक्या भलत्या वेळी, ही बासरी का वाजते आहे? शेवटी उत्तर येतं: माझ्यासाठी. पण प्रश्न कवयित्रीचा आहे आणि उत्तर कुब्जेचं. कुब्जा ते स्वतःशी दोनदा म्हणते, आणि माणूस खात्री नसली की दोनदा म्हणतो. कवयित्री त्या उत्तराला दुजोरा देत नाही, खोडूनही काढत नाही. तिथेच थांबते. कवितेत सूर्य उगवत नाही.

कुब्जेच्या भक्तीनं राधेवर मात केली, असा अर्थ काढणं मला म्हणूनच पटत नाही. राधा हरलेली नाही, ती फक्त झोपलेली आहे. ही कविता गाण्यासारखी वाचून बघा. प्रत्येक कडव्यानंतर पहिल्या ओळीवर परत या. शेवटच्या सुखानंतर पुन्हा ती ओळ आली की पोटात गोळा येतो. राधा अजून उठली नाही, म्हणजे उठणार आहे.

माझी राधा सातला उठली. त्याच स्टेटसमध्ये पुढचा फोटो आला: केक, मेणबत्त्या आणि तिचा होणारा नवरा. गाणं त्याच्या वाढदिवसाचं होतं.

मी बरेच दिवस स्वतःला मूर्ख म्हणत होतो. गाणं माझ्यासाठी नव्हतं, हे खरंच. पण पाच ते सात मला जे झालं, तेही खोटं नव्हतं. कुब्जेच्या डोळ्यांतलं पाणी सुखाचं आहे, आणि हे सांगताना इंदिराबाईंनी तिला वेड्यात काढलेलं नाही. तेवढं मी त्या बारा ओळींकडून घेतलं. तिचे स्टेटस मात्र आता म्यूट केलेत.