बाकावर बसून राहणारे

अद्भुताचा आश्रय घेणारे वाङ्मय ही पळवाट असते, असे मी वर्गात बरीच वर्षे सांगत आलो. दलित साहित्याने अनुभवाची अस्सलता हा निकष मानला आणि तो रास्तच आहे. परंतु मॅलरी ब्लॅकमन वाचल्यापासून माझे हे विधान मला तपासून घ्यावेसे वाटू लागले आहे.

बार्बाडोसहून आलेल्या कुटुंबातील ही कृष्णवर्णीय लेखिका १९६२ साली लंडनमध्ये जन्मली. 'नॉट्स अँड क्रॉसेस' (२००१) या कादंबरीत त्यांनी वर्णव्यवस्थाच उलटी केली आहे. काळे सत्ताधारी, गोरे अंकित. तिथे जखमेवरची चिकटपट्टीदेखील काळ्या कातडीच्या रंगाचीच मिळते. गोऱ्या मुलीच्या अंगावर ती डोळ्यांत भरते. व्यवस्था कुठवर शिरलेली असते, हे दाखवायला एवढी पट्टी पुरी होते.

अशा लेखिकेला 'डॉक्टर हू' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेने लिहायला बोलावले. १९६३ साली सुरू झालेल्या या मालिकेचा नायक काळातून प्रवास करतो आणि जगाला संकटातून सोडवतो. म्हणजे अवतारच म्हणा ना! ब्लॅकमन यांनी ख्रिस चिबनॉल यांच्यासह लिहिलेला 'रोझा' हा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये दाखवला गेला. त्या वेळी डॉक्टरची भूमिका प्रथमच एका स्त्रीकडे होती.

१९५५ सालचे माँटगोमेरी. भविष्यातून आलेला एक वर्णद्वेष्टा कोणाला मारत नाही. तो बसची वेळ बदलू पाहतो, प्रवासी कमी करू पाहतो. बस भरलीच नाही तर रोझा पार्क्स यांना जागा सोडायला कोणी सांगणार नाही आणि नकारही घडणार नाही, असा त्याचा हिशेब. म्हणून डॉक्टर आणि तिच्या सोबत्यांना बस भरलेली ठेवण्यासाठी बाकांवर नुसते बसून राहावे लागते. त्यांच्यातला ग्रॅहम हा गोरा निवृत्त बसचालक. आपण या अन्यायाचा भाग होतो आहोत, हे त्याला सहन होत नाही. तरी उठता येत नाही. तारणहाराच्या हातून सगळे काम काढून घेऊन त्याला गर्दीत बसवणे, हे या भागाचे मोठे यश आहे. सवर्ण सहानुभूतीच्या आपल्याकडील कथांत असा प्रसंग मला तरी आढळलेला नाही.

तो प्रसंग पाहताना मला माझी आजी आठवली. गावाहून कोल्हापूरला येताना बाक रिकामा असला तरी ती गाडीत खालीच बसायची. तिला उठवायची कोणाला गरजच उरली नव्हती.

माझा आक्षेप मात्र पुढेच आहे. एक बस चुकवली की इतिहास अडतो, अशी त्या खलनायकाची समजूत. कथेत तो हरतो, पण त्याची समजूत कथेनेच मान्य केलेली आहे! रोझांच्या घरी तरुण मार्टिन ल्यूथर किंग बसलेले दिसतात. मात्र चळवळ तेवढ्यापुरती, पाहुण्यासारखी येऊन जाते. वस्तुस्थिती अशी की रोझा १९४३ पासून संघटनेच्या स्थानिक शाखेत चिटणीस म्हणून राबत होत्या. १९५५ च्याच मार्चमध्ये पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्विनने जागा सोडायला नकार दिला होता. रोझांच्या अटकेनंतर जो अॅन रॉबिन्सन यांनी रातोरात हजारो पत्रके काढली आणि मग माणसे ३८१ दिवस पायी चालली. आपल्या चवदार तळ्यामागेही १९२३ चा बोले ठराव होता, १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा होती. २० मार्च १९२७ ला कोणी वाट अडवली असती म्हणून महाड टळले असते काय?

मी हा भाग विद्यार्थ्यांना दाखवला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ती बस रिकामी गेली असती तर दुसऱ्या दिवशीची भरली असती." ब्लॅकमन यांच्या कादंबरीला हे ठाऊक आहे. पन्नास मिनिटांच्या मालिकेला नायक आणि मुहूर्त दोन्ही लागतात, त्यात ते हरवले असावे.

आम्ही कोल्हापूरकरही यात मागे नाही. शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात चहा प्यायले, ही गोष्ट इथे पोरासोरांना पाठ आहे. महाराजांची गाडी निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गंगारामांनी चूल पेटवली तेव्हा गिऱ्हाईक कोण आले, हे मात्र आम्ही कधी विचारलेले नाही.