प्रणयकादंबरीचा आकृतिबंध आणि संमतीचा प्रश्न : ‘ईझी’च्या निमित्ताने

लोकप्रिय प्रणयकादंबरीकडे आपली समीक्षा सहसा वळत नाही आणि वळलीच, तर निकाल आधीच लागलेला असतो. ‘रंजनपर’ हे विशेषण लावले की संहिता वाचण्याची जबाबदारी संपते. टॅमारा वेबर या अमेरिकन लेखिकेची ‘ईझी’ ही कादंबरी २०१२ साली प्रथम लेखिकेने स्वतःच प्रकाशित केली आणि वाचकांच्या प्रतिसादामुळे त्याच वर्षी ती मोठ्या प्रकाशनसंस्थेकडे गेली. या कादंबरीविषयी लिहिताना ती ‘श्रेष्ठ’ आहे असा माझा दावा नाही. मात्र एका वाङ्मयप्रकाराला स्वतःच्या मूळ गृहीतकाशीच सामना करावा लागतो तेव्हा त्याच्या आकृतिबंधाचे काय होते, हे या कादंबरीत जितके स्वच्छ दिसते तितके पुष्कळ ‘गंभीर’ कादंबऱ्यांत दिसत नाही.

हे गृहीतक जुने आहे. सॅम्युएल रिचर्डसनच्या ‘पामेला’मध्ये (१७४०) मालक आपल्या दासीवर वारंवार जबरदस्ती करू पाहतो, तिला कोंडून ठेवतो आणि अखेरीस तिच्याशी विवाह करतो. त्याच्याच ‘क्लॅरिसा’मध्ये (१७४७-४८) गुंगीचे औषध देऊन बलात्कार झालेली नायिका त्या पुरुषाशी विवाह नाकारते आणि मरते. म्हणजे कादंबरी या प्रकाराच्या आरंभीच अत्याचारानंतरच्या स्त्रीपुढे दोन वाटा ठेवल्या गेल्या : हल्लेखोराची पत्नी होणे किंवा मृत्यू. इंग्रजी प्रणयकादंबरी प्रामुख्याने पहिल्या वाटेने आली. कॅथलीन वुडिविस यांच्या ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’मध्ये (१९७२) नायकच नायिकेवर बलात्कार करतो आणि पुढची शेकडो पाने त्या कृत्याचे प्रेमात रूपांतर करण्यात खर्ची पडतात. जॅनिस रॅडवे यांनी ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या ग्रंथात प्रत्यक्ष वाचक स्त्रियांच्या आधारे दाखवून दिले, की पुरुषाचा कठोरपणा हे दडलेल्या प्रेमाचेच रूप आहे असे वाचायला हा वाङ्मयप्रकार शिकवतो. हिंसेचा सोयीस्कर अन्वयार्थ लावणे हे जणू या प्रकाराचे नेमून दिलेले काम होते.

‘ईझी’ हे काम नाकारते. हल्लेखोर आणि प्रियकर यांना ती दोन निराळ्या देहांत वेगळे करते. हे वेगळेपण आकृतिबंधाला पेलते का, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

कथानक थोडक्यात असे. जॅकलीन ही डबल बास वाजवणारी संगीताची विद्यार्थिनी आपल्या प्रियकराच्या मागोमाग त्याच्या विद्यापीठात आलेली आहे. तो तिला सोडून देतो. हॅलोवीनच्या पार्टीतून एकटीच बाहेर पडली असताना, याच प्रियकराच्या विद्यार्थी-मंडळातला बक नावाचा मुलगा तिच्या गाडीत तिच्यावर जबरदस्ती करू लागतो. ल्यूकस नावाचा वर्गातला अबोल तरुण बकला ओढून बाहेर काढतो आणि मारतो. ती पोलिसांत जात नाही. अनुपस्थितीमुळे मागे पडलेल्या अर्थशास्त्राच्या विषयासाठी प्राध्यापकांनी नेमलेला शिकवणीदार लँडन तिला ई-मेलवरून मदत करू लागतो. ल्यूकस आणि लँडन ही एकच व्यक्ती आहे, हे तिला उशिरा कळते.

येथे पहिला पेच आहे. विश्वासाची सुरुवातच सुटकेने होते, आणि जिची सुटका झाली तिच्यावर ऋण असते. ऋणको स्त्रीची ‘हो’ ही मोकळी ‘हो’ असू शकते का? वेबर यांना हा पेच जाणवलेला आहे असे मला वाटते, कारण त्या लगेच कृतज्ञतेचे शिक्षणात रूपांतर करतात. विद्यापीठाच्या पोलिसांनी चालवलेल्या स्वसंरक्षणाच्या वर्गात जॅकलीन जाते. तेथे ल्यूकस साहाय्यक असतो. ज्याने तिला वाचवले, तोच तिला आपली गरज न उरण्याची विद्या शिकवण्यास हातभार लावतो. सुटका करणाऱ्या वीराला त्याच्याच हातून अनावश्यक करून टाकण्याची ही कल्पना प्रणयकादंबरीच्या परंपरेत लहान नव्हे. अखेरच्या संघर्षात जॅकलीन शिकलेले डाव वापरते. तरीही तेथे ल्यूकस पोचतोच. आकृतिबंधाची सवय लेखिकेच्या हेतूपेक्षा बलवत्तर ठरण्याची ही जागा आहे.

दुसरा प्रसंग अधिक सूक्ष्म आहे. ल्यूकस चित्रे काढतो, आणि एका टप्प्यावर जॅकलीन त्याच्यासमोर चित्रासाठी बसते. स्त्रीकडे पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री हा संबंध स्त्रीवादी समीक्षेने पुष्कळ चर्चिला आहे, पण येथे पाहण्याला परवानगी मागितली जाते व दिली जाते. ज्या देहाकडे काही दिवसांपूर्वी कोणीतरी न विचारता झेपावले, तो देह आता स्वतःच्या इच्छेने स्थिर बसतो. मानसोपचारतज्ज्ञ ज्यूडिथ हर्मन यांनी ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’मध्ये (१९९२) सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि पुन्हा जोडले जाणे असे सावरण्याचे टप्पे सांगितले आहेत, स्वतःवरील ताबा परत मिळणे हे त्यांच्या विवेचनाचे मूलतत्त्व आहे. वेबर यांनी हे तत्त्व संवादात घोळवले नाही, बैठकीच्या दृश्यात उतरवले. कादंबरीतले हे उत्तम लेखन आहे.

नावाची गोष्टही अशीच. पहिल्या प्रियकराचे नाव केनेडी, म्हणून त्याने जॅकलीनचे ‘जॅकी’ केलेले असते. राष्ट्राध्यक्ष आणि त्यांची पत्नी असा तो विनोद. तो गेल्यावर ती आपले संपूर्ण नाव परत घेते. या भल्या, महत्त्वाकांक्षी मुलाने तिला कधी मारले नाही, धमकावले नाही. त्याने केवळ तिचे नाव आपल्या नावाला जुळवून घेतले. बकच्या शेजारी हा तपशील ठेवला की बळकावण्याच्या पायऱ्या दिसू लागतात. लेखिकेने या धाग्याचा आणखी पाठपुरावा करायला हवा होता. ती बकला इतका निर्भेळ खलनायक करते, की इतरांचे छोटे अपराध त्याच्या सावलीत पुसले जातात.

मात्र ल्यूकसने दोन नावांनी वावरणे ही कादंबरीतील खरी अडचण आहे. जिच्या विश्वासाला तडा गेला आहे, तिच्याविषयी एका पुरुषाला दोन बाजूंनी माहिती मिळत राहते आणि तिला मात्र त्याच्याविषयी अर्धीच ठाऊक असते. ज्ञानातली ही विषमता हीदेखील एक सत्ता आहे. कादंबरी तिला शिकवणीच्या नियमांची तांत्रिक अडचण व पूर्वायुष्यातले दुःख असे दुहेरी समर्थन देते. ल्यूकस लहान असताना त्याच्या घरात शिरलेल्या माणसाने त्याच्या आईवर अत्याचार करून तिची हत्या केली आणि तो काही करू शकला नाही, हे आपल्याला कळते. त्या क्षणी कथेचे गुरुत्वमध्य सरकते. नायिकेची जखम पुरुषाच्या अधिक मोठ्या जखमेपर्यंत पोचण्याचा रस्ता होऊन बसते. या पिढीतल्या पुष्कळ महाविद्यालयीन प्रणयकादंबऱ्यांत हा समतोल आढळतो. एल केनेडी यांच्या ‘द डील’मध्ये (२०१५) बलात्कारातून आलेल्या हॅनाच्या जोडीला मारकुट्या बापाचा मुलगा उभा केलेला आहे. जखमेला जखम जोडली म्हणजे दोघे समान झाले, असा हिशेब त्यामागे असावा. पण जखमांची बेरीज म्हणजे समता नव्हे.

या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ‘ईझी’च्या नायिकेवरचा बलात्कार पूर्ण होत नाही, पुढे बक ज्या मुलीवर प्रत्यक्ष बलात्कार करतो ती मिंडी, दुय्यम पात्र. ‘द डील’च्या नायिकेवर बलात्कार झालेला आहे, पण कथा सुरू होण्यापूर्वी, वयाच्या पंधराव्या वर्षी. एका संहितेत घटना दुसऱ्या व्यक्तीवर सरकवली आहे, दुसरीत भूतकाळात. प्रणयकादंबरीला हा विषय हवा आहे, पण तो तिच्या वर्तमानात, तिच्या नायिकेच्या देहात मावत नाही. ‘क्लॅरिसा’पासूनची अडचण पूर्णपणे सुटलेली नाही, ती फक्त हलवली गेली आहे.

तरीही मिंडीच्या निमित्ताने ‘ईझी’ जे करते ते मोलाचे आहे. आपण गप्प राहिलो म्हणून हे घडले, या जाणिवेने जॅकलीन हादरते. मुलामुलींच्या विद्यार्थी-मंडळांचे पुढारी प्रकरण ‘आपसात’ मिटावे म्हणून दबाव आणतात. जॅकलीनची खोलीतली मैत्रीण एरिन त्यांच्यापुढे ठाम राहते, आपल्या प्रियकरालाही सोडते, आणि दोघी मुली तक्रार नोंदवतात. अमेरिकेच्या शिक्षणखात्याने एप्रिल २०११ मध्ये विद्यापीठांना पत्र पाठवून लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींची दखल घेणे हे त्यांचे कर्तव्य असल्याचे बजावले होते (ते पत्र २०१७ मध्ये मागे घेण्यात आले). त्यानंतर वर्षभरात आलेल्या या कादंबरीत त्या वादाची हवा आहे. विश्वास हे मूल्य स्त्री-पुरुष जोडीपुरते न ठेवता तो मैत्रिणींमध्ये आणि तक्रारीच्या शब्दावर ठेवला जावा, ही मागणी तिने रंजनाच्या चौकटीत आणली.

मराठी वाचकाला हा शब्दाचा प्रश्न अपरिचित नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात घडलेल्या मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत या धर्तीच्या युक्तिवादाने, दोन पोलिसांना निर्दोष ठरवले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी लिहिलेल्या खुल्या पत्राने शरण जाणे आणि संमती देणे यांतला भेद मांडला. १९८३ मध्ये कायदा बदलला. आपल्याकडे ‘संमती’ हा शब्द न्यायालयाच्या दारातून चर्चेत आला. महाविद्यालयीन जीवनाच्या मराठी कादंबरीत त्याला फारशी जागा मिळाली नाही. ‘कोसला’पासून (१९६३) आपल्या कादंबरीतले वसतिगृह बहुतांशी मुलांचेच राहिले. म्हणून ‘ईझी’ या शीर्षकाकडे आपण जरा थांबून पाहावे. इंग्रजीत हा शब्द ‘सहज हाती लागणारी’ म्हणून स्त्रीवर फेकला जातो, आणि तोच शब्द ‘हळू, घाई नको’ असेही सांगतो. हल्ल्यानंतर बक जी अफवा पसरवतो ती पहिल्या अर्थाची. चित्रासाठी बसलेली जॅकलीन दुसऱ्या अर्थाकडे सरकते.

वेबर यांनी २०१४ मध्ये ‘ब्रेकेबल’ प्रसिद्ध केली. तीत हीच कथा पुन्हा सांगितली आहे, ल्यूकसच्या तोंडून. एकाच घटनेला दुसरा निवेदक द्यायचे ठरले तेव्हा तो मान पुरुषाकडे गेला. मिंडीला आपले एक प्रकरणही मिळाले नाही.