दोन ओळींतला पोंभुर्णा

मराठी विश्वकोशातली नोंद सुरू कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. आधी ठळक अक्षरांत नाव, मग दोन टिंबे, आणि लगेच क्रियापदाला रजा दिलेले एक वाक्य : वस्तू काय, कुठली. चंद्रपूर जिल्ह्याची नोंद गडचिरोली १९८२ साली वेगळा होण्याआधीची. तीही क्षेत्रफळ आणि लोकसंख्या लगेच सांगते, आकड्यापाशी साल ठेवते आणि पुढे सरकते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईत हे काम चालले, पहिला खंड १९७६ साली निघाला. गूगलच्या निकालात दिसणाऱ्या शीर्षकाला आणि त्याखालच्या दोन ओळींच्या वर्णनाला मराठीत याहून चांगला वस्तुपाठ मला माहीत नाही.

याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्णा तालुक्याचा धानकरी मोबाइलवर खरेदी केंद्र शोधतो. पानाच्या शीर्षकात आधी राज्य, मग विभाग, मग कार्यालय असे ओळीने लिहिले असेल, तर हवा असलेला शब्द येण्याआधीच तीन टिंबे पडतात. त्याच्यासाठी मी असे शीर्षक लिहीन : ‘पोंभुर्णा धान खरेदी केंद्रे : नोंदणी आणि मुदत’. गूगल शीर्षक कापते ते रुंदी पाहून, अक्षरे मोजून नव्हे. ‘पोंभुर्णा’ टंकायला नऊ चिन्हे लागतात. त्यांतला अनुस्वार आणि रफार डोक्यावर बसतात, उकार पायाशी. आडवी जागा यांपैकी कोणीच मागत नाही. आपल्या लिपीची ही काटकसर मला फार सुंदर वाटते. गावाचे नाव सुरुवातीला ठेवून तिचा पुरेपूर फायदा घ्यावा.

खालचे वर्णन : ‘सातबारा, आधार आणि बँक पासबुक घेऊन नोंदणी कुठे करायची, कोणत्या गावाला कोणते केंद्र, चालू हंगामाची शेवटची तारीख.’ पहिलाच शब्द शेतकऱ्याच्या हातातल्या कागदाचा. मधला तुकडा गाववार यादीचे वचन देतो. शेवटचा मात्र मला खटकतो. ‘चालू हंगाम’ पुढच्या वर्षी खोटा पडेल. विश्वकोशासारखे तिथे सालच हवे. ‘सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध’ अशा शब्दांना इथे जागाच नाही, कारण ते कुठल्याही तालुक्याला चिकटवता येतात.

वचन दिले की पानावर ते पाळावे लागते. वर्णन शोधाला नीट लागू पडत नसेल, तर गूगल ते बाजूला ठेवून पानातलीच एखादी ओळ उचलते. शीर्षकेही ते बदलते. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याने जाहीर केलेल्या पद्धतीत पानावरचा मुख्य मथळा अनेकदा शीर्षक म्हणून घेतला जातो. म्हणून मथळा आणि शीर्षक एकाच जिभेने बोलावेत.

तालुक्याची पाने तयार करणाऱ्यांना एवढीच विनंती : चंद्रपूर जिल्ह्यात १५ तालुके आहेत, प्रत्येकाला आपले वेगळे शीर्षक द्या, आणि ते मोबाइलवर उघडून कुठे तुटते ते पाहूनच पान चढवा.