आंब्याच्या पानावरची कारागिरी

पनवेलच्या खांदा कॉलनीत आंब्याची फांदी हाताशी आली, तर पान न तोडता नुसतं उजेडाकडे वळवावं आणि नजर देठापासून मधल्या शिरेवरून टोकाकडे न्यावी. शीर मध्येच जरा जाडसर वाटली की थांबावं. कॉमन बॅरन फुलपाखराची अळी तिथे असू शकते.

आधी पाठीवरची रेघ पाहा. अंग हिरवं, रेघ फिकट पिवळी, डोक्यापासून शेपटापर्यंत सरळ. अळी बरोबर शिरेवर, शिरेच्याच दिशेने बसते आणि पानाची शीर तिच्या पाठीवरून अखंड पुढे जाते. जरा तिरकी बसली तर सगळं उघडं पडेल. रंग तिला उपजत मिळाला, पण ही बैठक तिला प्रत्येक पानावर नव्याने साधावी लागते. काय अचूक साधते!

खरी कमाल काट्यांची. दहा जोड्या, पिसासारखे, बारीक फाटे फुटलेले. ते उभे न राहता दोन्ही बाजूंना पानावर सपाट पसरतात. पाहणाऱ्याला उपशिरांचा भास होतो, पण त्यांचं मोठं काम वेगळंच आहे. गोल अंगाच्या कडेला सावली पडते आणि तीच अळीचा घात करते. काट्यांची ही झालर अंगाची कड आणि सावली दोन्ही पानात विरवून टाकते. प्राण्यांचे रंग सावली मारतात, हा नियम 1896 साली मांडला तो अ‍ॅबट थेअर या अमेरिकन चित्रकाराने. चित्रकारालाच तो दिसावा, यात नवल नाही. इथे तर रंगाच्या जोडीला काटेही राबतात.

कोषही त्याच घराण्यातला: पानाखाली लटकलेला, हिरवा, कोनदार, वर सोनेरी खुणा. फुलपाखरू मात्र साधं, तपकिरी, सडक्या फळांवर रमणारं. 2015 साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉर्मनच्या निळाईपुढे ते कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही. त्याचं सौंदर्य आधीच, अळीपणी खर्चून झालेलं असतं.

तगरीवर दुसरी तऱ्हा. बुंध्याशी जाड लेंड्या दिसल्या की वर पाहावं. ओलिएंडर हॉक मॉथची बोटभर हिरवी अळी छेडली, तर डोकं आत ओढून पुढचं अंग फुगवते आणि काळ्या कडांचे दोन निळसर डोळे रोखते. खोटेच, पण दचकवणारे. पुढे तिचा पतंगही हिरव्या-गुलाबी छटांचा, देखणा होतो. युक्ती भव्य खरी, पण ती चालते पक्ष्याने अळी हेरल्यावर. आंब्यावरची अळी ती वेळच येऊ देत नाही. माझं झुकतं माप तिला.